हातचेकाका आणि एकोणपन्नास

तिसरी-चौथीच्या मुलांसाठी गुणाकाराच्या सरावाची पुस्तकं निघतात. त्यातली उदाहरणं कोणीतरी बसून तयार करतं, हे नोकरी लागेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आमच्या प्रकाशनात ते काम हातचेकाका करत. तीस वर्षं.

खरं नाव हजेरीपटापुरतं. कोणी छत्री, चष्मा, डबा विसरून निघालं, की ते मागून ओरडत, "हातचा राहिला!" म्हणून हातचेकाका.

सहा नव्वे चोपन्न आणि सात अठ्ठे छप्पन्न ते कधी एका पानावर येऊ देत नसत. "पोरं गोंधळतात. आधी एक पचू दे." हातच्याची तीन उदाहरणं झाली की चौथं बिनहातच्याचं. "दम खायला जागा नको?" प्रत्येक पान आधी शेजारच्या मुलीकडून सोडवून घेत. ती जिथे पेन्सिल चावायला लागे, तिथे खूण करत.

मी साहित्याचा पदवीधर. ते मला हाकही "पदवीधर" अशीच मारत. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना कविता वाचून दाखवायचो. ते डोळे मिटून ऐकत आणि शेवटी विचारत, "छान आहे. उत्तर काय आलं?"

यंदा त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. बारीक आकडे दिसेनात. म्हणून पुस्तकाच्या शेवटच्या पानांवरची उत्तरं त्यांनी तोंडी सांगितली, मी टाईप केली. शेवटी म्हणाले, "एकदा नजर टाक हं. माझे डोळे आता तूच." मी नजर टाकली. म्हणजे पानं उलटली.

पुस्तक बाजारात गेल्यावर महिन्याभराने एक बाई आल्या. त्यांनी मालकांच्या टेबलावर मुलीची वही उघडून ठेवली. सात गुणिले सात. मुलीने ४९ लिहिलं होतं. पुस्तकातलं उत्तर बघून खोडलं होतं. पुन्हा मांडलं, पुन्हा खोडलं. कागदाला भोक पडलं होतं.

"तुमच्या पुस्तकात ५९ आहे," बाई म्हणाल्या. "पोरगी म्हणते, मला डोकंच नाही."

काकांनी भिंग घेतलं. एकेक चूक शोधली. तेवीस निघाल्या. ४९ च्या जागी ५९. ६९ च्या जागी ७९. सगळी उत्तरं नवावर संपणारी, सगळी दहाने जास्त. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. मलाही तेव्हाच कळलं.

आकडे मी शाळेत इंग्रजीतून शिकलो. मराठीत वाचलं भरपूर, मोजलं कधीच नाही. एकोणपन्नास म्हटलं की मला पन्नास ऐकू यायचे, आणि वर नऊ. एकोण म्हणजे एक उणा. पुढच्या दशकातून एक कमी. भाषेची पदवी घेऊन मला एवढा शब्द कळत नव्हता.

"माझंच चुकलं," काका मालकांना म्हणाले. "डोळे दगा देतात."

मी गप्प बसलो. नोकरी नवी आहे, हे कारण नंतर शोधलं. त्या वेळी कारणही नव्हतं.

"काका, खूप केलंत," मालक म्हणाले. "आता आराम करा. पुढचं पुस्तक दुसऱ्या कोणाला तरी देऊ."

काकांनी खणाची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघाले. त्यांचा डबा खुर्चीजवळच राहिला. मला दिसला. ओरडायचं होतं. मी डबा उचलून माझ्या खणात ठेवला.

मालकांना खरं सांगायला मला तीन दिवस लागले.

"मग तेव्हा काय मूग गिळून बसला होतास?" ते म्हणाले. पुस्तक माझ्यापुढे टाकून म्हणाले, "शुद्धिपत्र तू करायचंस. आणि काकांना तूच घेऊन ये. मी कोणत्या तोंडाने बोलावू?"

डबा घेऊन त्यांच्या घरी गेलो. ते टेबलाशी बसले होते, शेजारची मुलगी उदाहरणं सोडवत होती.

"काका, मालकांना सांगितलं. चूक माझी होती म्हणून."

"तीन दिवस लागले?"

"हो."

"हं." ते डब्याच्या झाकणावरून बोटं फिरवत राहिले. "मीच आकडे सुटे सांगायला हवे होते. चार, नऊ, असे. एवढ्या शिकलेल्याला काय विचारायचं, म्हणून राहिलं."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"याल ना परत?"

"येईन. पण आधी तू बस इथे. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळे एकोण लिही. नव्याण्णव सोड, तो बिचारा सरळ आहे."

मुलीने मला तिची पेन्सिल दिली. टोक चावलेलं होतं. मी लिहू लागलो. एकोणसाठला हात थांबला. एक उणा, एक उणा, मी मनात म्हणत होतो, तरी पेन्सिल पुढे जाईना.

मुलगी हसली नाही. तिने आपल्या वहीच्या कोपऱ्यात ५९ लिहिलं आणि वही हळूच माझ्याकडे सरकवली. काकांचं तोंड खिडकीकडे होतं.

मी बघून लिहिलं.