पासष्टावा प्रोसेसर

मी रेणापूरला राहते आणि लातूरला नोकरीला एसटीनं जाऊन-येऊन करते. उरलेल्या वेळात एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलवर, म्हणजे तिच्या गाभ्यावर काम करते. देशोदेशीचे लोक मिळून ती फुकट लिहितात. त्या कर्नलला चौसष्टपेक्षा जास्त प्रोसेसर चालत नसत. पूर्वी कुणीतरी दर प्रोसेसरला एक खाना अशी चौसष्ट खान्यांची ओळ आखली होती आणि तेवढ्यावर भागत होतं. ही मर्यादा मी काढते, असं सगळ्यांसमोर सांगून बसले. माझ्याकडे होता काय, तर चार प्रोसेसरचा जुना लॅपटॉप! त्यालाच सत्तर प्रोसेसर असल्याचं सोंग घ्यायला लावलं. ते सोंग उभं राहीपर्यंत माझ्या सगळ्या भाकरी थापून व्हायच्या.

आठ महिने गेले. दोनदा काम परत आलं. तिसऱ्या खेपेला, कर्नलसाठी आलेलं काम तपासणाऱ्या बाईंनी होकार दिला. नव्या आवृत्तीत ते जाणार म्हणून मी घरभर मिरवले.

त्या रविवारी भाच्याच्या जावळाचं आवतण कुणाकुणाला द्यायचं ते माय सांगत होती, मी लिहीत होते. शेजारच्या दोन भावांसाठी मी एकच नाव लिहिलं.

"येगळे निघालेत की ते," माय म्हणाली. "थोरल्याला सांगितलं की तो हाव म्हणतो. आपल्याला वाटतं दोघांचं झालं. धाकट्याला पत्ता बी न्हाई."

मी यादी तशीच ठेवून लॅपटॉप उघडला. सगळ्या प्रोसेसरना 'थांबा' सांगणारा भाग मी बदललाच नव्हता. तिथे खाने अजून चौसष्टच. पासष्टाव्याचा निरोप फिरून पहिल्याच्या खान्यात पडत होता, पहिला उत्तर देत होता, आणि 'सगळे थांबले' म्हणून माझी चाचणी पास होत होती. पासष्टावा आणि त्याच्या पुढचे पाच आपले चालूच.

हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. गप्प बसायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण उद्या असा न थांबलेला प्रोसेसर मधेच लिहीत राहिला असता आणि कुणाच्या तरी मोठ्या मशीनवरची माहिती गेली असती. मी त्या बाईंना लिहून टाकलं: चूक माझी आहे, हे घेऊ नका.

ती आवृत्ती माझ्या कामाशिवाय निघाली. मी रडले. मायवरसुद्धा चिडले, विनाकारण. मग तो भाग नव्यानं लिहिला आणि थांबताना प्रत्येक प्रोसेसरला स्वतःचा क्रमांक लिहायला लावला.

पडद्यावर आकडे सावकाश उमटत गेले. चौसष्ट आला. मग बराच वेळ काहीच नाही. माय जेवायला हाका मारत होती. पासष्ट उमटला, तेव्हा माझे डोळे भरून आले. तरी मी उठले नाही. अजून पाच यायचे होते.