वाटीवरचं झाकण

बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत अनिरुद्धचं मोबाइलच्या कव्हरांचं आणि चार्जरचं छोटंसं दुकान होतं. गिऱ्हाइकांच्या लक्षात मात्र त्याची बायको सत्यशीला राहायची. ती दुपारचा डबा घेऊन बिबवेवाडीहून बसने यायची आणि शटर पडेपर्यंत थांबायची. फुटलेली काच बदलायला आलेल्या पोरांना विचारायची, "फोन पडला, की पाडला?" पोरं हसायची आणि पुढच्या वेळी तिच्याकडेच यायची.

दुकानात मागच्या भिंतीवर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. दिवस कलला की फोटोंपुढच्या फळीवर, पितळी वाटीत ती बुटकी मेणबत्ती लावायची आणि हात जोडून पंचशील म्हणायची. दुकान बंद करताना ती ज्योत फुंकत नसे. फुंकून विझवू नये, असं आईने शिकवलेलं. एका जुन्या डबीचं पत्र्याचं झाकण तिने त्यासाठी राखून ठेवलं होतं. ते वाटीवर अलगद बसवायचं, आतल्या आत ज्योत विझायची. झाकण दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तसंच राहायचं. मेणबत्ती तिच्याकडे आणि मेन स्विच अनिरुद्धकडे, अशी वर्षानुवर्षांची वाटणी होती.

कव्हरं लोक घरबसल्या मागवू लागले तसा दुकानाचा धंदा बसला. त्याच सुमारास खराडीच्या कंपन्यांतली आणि कॉलेजातली मुलं हळू आवाजात वेप, म्हणजे वासाची वाफ सोडणाऱ्या बॅटरीच्या सिगारेटी, मागू लागली. वेप विकायला कायद्याने बंदी आहे, हे अनिरुद्धला माहीत होतं. तरी त्याने ते आणले आणि काउंटरखालच्या ड्रॉवरमध्ये, हेडफोनच्या रिकाम्या खोक्यांत ठेवले. सत्यशीलाला काही सांगितलं नाही. एकदा तिने विचारलं, इथे आंब्याचा वास कसला येतो? गाडीत लावायचा सेंट आलाय विकायला, तो म्हणाला. ती म्हणाली, एवढ्या वासाच्या गाडीत माणूस बसतं कसं? विषय तिथेच संपला.

त्या रविवारी नातीचा पहिला वाढदिवस होता. दुपारीच दुकान बंद करून मुलीकडे, अक्षताकडे जायचं होतं. आज मेणबत्ती राहू दे, असं अनिरुद्ध म्हणाला. पण सत्यशीलाने ती लावली, पंचशील म्हटलं आणि निघताना वाटीवर झाकण ठेवलं. शटर ओढायची सळई हातात घेऊन अनिरुद्ध दारात उभा होता. त्याने तिला झाकण ठेवताना पाहिलं. आपण मेन स्विच बंद केलेला नाही आणि ड्रॉवरमध्ये वेप चार्जिंगला लागलेले आहेत, हे मात्र घाईत त्याच्या ध्यानातून गेलं.

केक कापून होतो न होतो तोच शेजारच्या दुकानदाराचा फोन आला. ते पोहोचले तेव्हा बंब गल्लीच्या तोंडाशी उभा होता आणि शटरखालून काळं पाणी वाहत होतं. माणसाला कुणाला इजा झाली नव्हती. दुकानात मात्र काही उरलं नव्हतं.

सकाळी अनिरुद्ध एकटाच आत शिरला. ड्रॉवरच्या जागी फुटलेल्या बॅटऱ्यांचा गोळा होता. फळी जळून खाली आली होती. तिच्याजवळ ती वाटी पडली होती, काजळीने काळीठिक्कर, आणि वर झाकण घट्ट चिकटलेलं. त्याने जोर लावून झाकण सोडवलं आणि मागच्या ढिगाऱ्यात टाकून दिलं. असं का केलं, ते पुढे त्याने स्वतःच सांगितलं: त्या क्षणी डोक्यात फक्त विमा होता. चुकून राहिलेल्या मेणबत्तीच्या आगीला विमा मिळतो. बंदीच्या मालाने लागलेल्या आगीला मिळत नाही.

नुकसान तपासायला विमा कंपनीकडून श्रीनिवास नावाचे सर्वेअर आले. आग विझवायचा लाल सिलिंडर भिंतीवर जागच्या जागी होता, त्याची मुदत कधीच उलटलेली. सिलिंडरच्या मानेभोवती वितळलेल्या वायरींची भेंडोळी होती.

"हा आग विझवायला घेतला होतात, की वायरी वाळत घालायला?" त्यांनी विचारलं. मग बॅटऱ्या कसल्या, हे विचारलं. अनिरुद्धने स्पीकरच्या म्हणून सांगितलं आणि पाठोपाठ, खाली बघत, म्हणाला, "हिची रोज मेणबत्ती असते इथे."

"झाकण ठेवते ना मी," सत्यशीला म्हणाली.

"रोज ठेवत असाल. त्या दिवशी ठेवलंत का?"

ती नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही दारातच होता. ठेवलं होतं ना मी?"

"घाई होती गं," तो म्हणाला. "मी काही बघितलं नाही."

तिने झाकण नसलेली वाटी उचलून पाहिली. मग तिने सर्वेअरना सांगितलं की लिहा, माझ्याकडूनच राहिलं असेल. खाली सहीही केली.

त्यानंतर तिचा स्वतःवरचा विश्वास गेला. गॅस बंद केला का हे ती परत परत बघायची, बघून आल्यावरही तिला खात्री वाटत नसे. कधी बसच्या थांब्यावरून उलटी घरी यायची. घरातल्या फोटोंपुढची मेणबत्ती तिने बंद केली आणि काड्यापेटी शेजारच्या यमुनाबाईंकडे ठेवायला दिली. संध्याकाळी ती अंधारातच हात जोडायची. अनिरुद्ध मागे उभा राहून तिच्याबरोबर म्हणायचा. खोटं न बोलण्याचं शील आलं की त्याचा आवाज बंद व्हायचा. घसा बसलाय, असं तो सांगायचा.

दुकान गेल्यापासून सत्यशीला घरीच असायची, म्हणून अक्षता खराडीला कामाला जाताना लेक तिच्यापाशी ठेवायची. एका सकाळी तिने बाळाची दुपटी, वाटी-चमचा, खुळखुळा पिशवीत भरून दारात ठेवलं.

"पाळणाघर बघ," ती म्हणाली. "मी काय विसरेन, माझं मलाच कळत नाही."

अक्षताने समजूत घातली, मग रागावली, मग रडली. सत्यशीलाने बाळाला हात लावला नाही. अनिरुद्ध चहाचा कप घेऊन तिथेच उभा होता. त्याने कप तसाच ठेवला, चपला घातल्या आणि तो सर्वेअरच्या कचेरीत गेला.

श्रीनिवासांनी सगळं ऐकून घेतलं. "पैसे मंजूर व्हायला आलेत, आणि तुम्ही आता आलात. माणसं उलट करतात, आधी पैसे घेतात." मग गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "हे लिहून दिलंत तर विमा गेला आणि वर पोलीस केस. कळतंय ना?" अनिरुद्धने लिहून दिलं.

घरी येऊन त्याने सत्यशीलालाही सगळं सांगितलं. वेप, स्विच, ढिगाऱ्यात फेकलेलं झाकण. ती मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"म्हणजे मी झाकण ठेवलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुम्ही पाहिलं होतं."

"पाहिलं होतं."

तिने निवडलेली मेथी धुतली, भाजी केली, त्याला वाढलं.

विमा नामंजूर झाला. कोर्टाच्या तारखा चालू आहेत. दुकानाच्या जागी आता दुसऱ्या कुणाचं घड्याळांचं दुकान आहे आणि अनिरुद्ध त्याच गल्लीत दुसऱ्याच्या काउंटरवर नोकरी करतो. अक्षता लेकीला पुन्हा आईकडे ठेवायला तयार होती. सत्यशीलाने नातीला मांडीवर घेतलं, पोटभर खेळवलं आणि मायलेकी निघताना अक्षताला म्हणाली, "अजून नको गं." बाळ पाळणाघरातच जातं.

काड्यापेटी तेवढी यमुनाबाईंकडून परत आली. संध्याकाळी सत्यशीला पुन्हा मेणबत्ती लावते. नवी वाटी आहे, झाकण स्टीलचं आहे. पंचशील झाल्यावर ती झाकण ठेवते आणि वाटीवरचा हात न काढता हाक मारते. अनिरुद्ध तोवर कामावरून आलेला असतो, तिथेच दोन पावलांवर बसलेला असतो. ती हाक मारते ती भिंतीपलीकडच्या यमुनाबाईंना.

"जरा येऊन बघता का हो? ठेवलंय ना मी झाकण?"

यमुनाबाई पदराला हात पुसत येतात, वाकून बघतात. ठेवलंय, म्हणतात. मगच ती हात काढते.