चुलीवर टांगलेलं शेवाळ

माझी मुलगी एम.एस्सी.ला आहे. तिचा प्रकल्प तपकिरी समुद्री शेवाळातल्या मेदाम्लांवर. मी कॉमर्सवाला; तेल म्हणजे फोडणीचं किंवा डोक्याचं, इथपर्यंत माझी धाव. तिने मला समजेल असं सांगितलं होतं: मासळीच्या तेलातली गुणकारी लांब मेदाम्लं या शेवाळातही असतात, पण ऊन, हवा, उष्णता लागली की तीच आधी तुटतात आणि तेल खवट होतं.

महाडचा आमचा फ्लॅट मार्चात भट्टी होतो. म्हणून श्रीवर्धनच्या खडकांवरून आणलेलं शेवाळ पोलादपूरच्या वरच्या वाडीत, माझ्या आत्याच्या गार माळ्यावर वाळत घालायची अक्कल मी दिली.

आठवड्याने ते आणायला गेलो. अवकाळी ढग खाली उतरले होते, संध्याकाळीच दिवे लावून गाडी चढवली. अंगणात पाय ठेवला आणि समुद्राचा वास आला. इतक्या डोंगरात.

आत्याच्या सगळ्या म्हशी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून उभ्या होत्या. धुक्यात त्यांचे श्वास ऐकू येत होते. गोठ्यात जायला तयार नाहीत, असं आत्या म्हणाली.

आत चुलीवरच्या दांडीला शेवाळाच्या जुड्या टांगलेल्या. ओल्या केसांसारख्या लोंबत होत्या. मधूनच एखादा तपकिरी थेंब निखाऱ्यावर पडायचा आणि चुर्र व्हायचं. मी दारातच थांबलो. धीर द्यायला मुलीला पुढे केलं.

"शेवाळ माळ्यावर पाणी गाळाया लागलं गो," आत्या म्हणाली. "रडल्यावानी. मग हितं आणलं. माझं बियानं बी हितंच वाचतंय."

मुलीचा चेहरा उतरला. खडकांवरचं शेवाळ आता गळून गेलं होतं. पुन्हा मिळायचं ते पुढच्या हंगामात, म्हणजे वर्ष गेलं. पण आत्याला ती काही बोलली नाही. शेवाळातलं मीठ हवेतली ओल ओढतं, म्हशीही मिठासाठीच आल्यात, एवढंच सांगितलं. मी मान डोलावली. तरी मला पटेना. भिंत एकही म्हैस चाटत नव्हती. सगळ्यांची नजर कौलांखालच्या अंधारावर होती.

मुलगी एकेक जुडी काढून हुंगू लागली. चुलीवरच्या साऱ्या खवट, जुन्या तेलासारख्या. आत्या कंदील धरून उभी. पडवीकडच्या टोकाची शेवटची जुडी मुलीने दोनदा हुंगली, मग माझ्या नाकाशी धरली. कच्चा, थंड समुद्र.

"ही वाचली असेल," ती म्हणाली.

"असेल म्हणजे?"

"तेल काढल्याशिवाय कसं सांगू?"

"चुलीनं बिघडंल, मला काय म्हायती, पोरी," आत्या हळूच म्हणाली. मुलीने तिचा हात दाबला आणि जुडी सोबत आणलेल्या बर्फाच्या डब्यात ठेवली. झाकण लागलं तशा बाहेर सगळ्या म्हशी एकदम हंबरल्या. मग एकदम गप्प.

उतारावर गाडीच्या आरशात पाहिलं. मागच्या दिव्यांच्या तांबड्या उजेडात म्हशी रस्ताभर चालत येत होत्या. मुलीला सांगितलं, तर तिने डबा मांडीवर घट्ट धरला. मागे पाहिलं नाही.

"बाबा, म्हशी राहू देत. बर्फ वितळायच्या आत महाड गाठायचंय."

मी आरसा वर फिरवला आणि गाडी हाणली.