डब्यातलं कळण

गिरजामावशी डबा फोडण्याआधी तो कानाशी धरून हलवायची. डोळे मिटायची, मान जराशी तिरकी करायची आणि आतलं पाणी ऐकायची. आम्ही साठ मुली ताटं घेऊन बसलेल्या असायचो. चुलीचा धूर कुठे संपतो आणि दारातून आत शिरलेलं धुकं कुठे सुरू होतं, ते कळायचं नाही. मग मावशी डोळे उघडायची. "हाय, जित्तं हाय," असं म्हणून सुरीचं टोक झाकणावर टेकवायची आणि वरवंट्याचा एकच ठोका द्यायची. पोट फुगलेला डबा मात्र ती कानाशी धरतच नसे. तो थेट मागच्या खड्ड्यात जायचा.

तळेघरच्या मुलींच्या वसतिगृहात ती स्वयंपाक करायची. माझी वाडी तिथून दोन तासांच्या चालीवर. नव्वदच्या दशकात पाचवी ते दहावी मी तिच्याच हातचं जेवले. पावसाळ्यात आम्ही जणू ढगातच राहायचो. समोरची भातखाचरं दिवसचे दिवस दिसत नसत, एस.टी. कधी यायची, कधी खालूनच परत फिरायची. आषाढापर्यंत रानभाजी मिळे. पुढे ती निबर व्हायची, आणि साठ ताटांना तशीही पुरत नसे. मंचरकडचे एक बागायतदार पुण्यातल्या हॉटेलांसाठी काकडीसारखा लांबट, पिवळा, कोवळा भोपळा पिकवायचे. उरलेल्या भोपळ्याचे काप शिजवून ते मिठाच्या पाण्यात डबाबंद करायचे आणि पावसाआधी त्यातली काही खोकी आमच्याकडे धाडायचे.

त्या राखाडी दिवसांत ते पिवळे काप ताटात पडले की मला वाटायचं, दोन महिने न दिसलेलं ऊन कुणीतरी कापून वाढलंय. चवीला ते मऊ, जवळजवळ बेचव. एखादी मुलगी नाक मुरडायची. "मावशी, ही भाजी दात नसलेल्यांची गं!"

"मंग तुजे दात ठिव की जपून," मावशी म्हणायची, "सासरी चावायला कामाला येतील."

तिचं माहेर मेंढपाळांचं. लहानपणी ती मेंढरांमागे मैलोन् मैल फिरलेली. तळावर पाणी डोक्यावरून आणायचं, त्यामुळे शिजवलेल्या कशाचंही पाणी ओतायचं नाही ही त्यांच्याकडची रीत. मटकीचं असो नाहीतर पाल्याचं, त्या पाण्याला ती कळण म्हणायची. डब्यातल्या पाण्यालाही तिने तेच नाव दिलं होतं. अधीक्षिकाबाईंना त्या पाण्याचा वास आवडायचा नाही. "गिरजाबाई, ते ओतून देत जा बरं," त्या सांगायच्या. मावशी "व्हय बाई" म्हणायची आणि त्यांची पाठ वळली की सगळं पाणी आमटीत रिचवायची. त्या दिवशी आमटीत मीठ मात्र अजिबात घालायची नाही. "डब्यानं आदीच मीठ खाल्लंय. आपुन कशाला परत चारायचं?"

मी मंचरला बारावी केली आणि पुण्याला अन्नशास्त्र शिकायला गेले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. शेवटच्या वर्षाला मी असताना वसतिगृहाच्या संस्थेवर नवे सचिव आले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांचं म्हणणं, डब्यातलं अन्न म्हणजे मेलेलं अन्न. खोकी घाटातून चढवायची कशाला? पावसाळ्यात वरणभात पुरे. पण माणूस न्यायी होता. मला बोलावून म्हणाले, "सुमन, तू इथलीच मुलगी. यात पोषण किती ते तपासून दे. तुझ्या कागदावर ठरवू."

माझ्या कागदावर काही ठरणार, या कल्पनेनेच मी हवेत होते. दोन डबे पुण्याला नेले. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे चाळणीवर निथळले, पाणी बेसिनमध्ये गेलं, काप वाळवले, जाळले, तोलले. बहुतेक सगळं पाणीच निघालं. उष्मांक अगदी थोडे, किंचित तंतू, सालीजवळचा पिवळा रंग तेवढा टिकलेला. क जीवनसत्त्व जेमतेम. शेवटी मी शुद्ध भाषेत लिहिलं, 'पोषणमूल्य नगण्य', आणि त्याखाली सही केली.

अहवाल भाऊसाहेबांच्या हाती दिला. ते म्हणाले, "छान. दुपारी सभेत वाचू, यंदापासून डबे बंद." मी कौतुक करून घ्यायला स्वयंपाकघरात गेले. मावशी तांदूळ निवडत होती. तिला मी सगळं वाचून दाखवलं. ती हात न थांबवता ऐकत राहिली.

"सुमे, आन कळण?"

"कसलं कळण?"

"डब्यातलं. त्ये कुटं गेलं?"

"ओतून दिलं, मावशी. तपासताना तशीच पद्धत असते."

आता तिचे हात थांबले. "पाच-सहा वर्सं माज्या हातचं खाल्लंस. मी कंदी वतलं व्हतं का?"

मी तपासले तसे निथळलेले काप वसतिगृहातल्या मुली कधी खातच नव्हत्या. त्यांच्या आमटीत जायचं ते पाणी मी बेसिनमध्ये सोडून आले होते.

"श्रावणात या पोरींच्या ताटात दुसरं काय पडणार हाय, सांग," ती हळूच म्हणाली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी ओसरीवर सभा भरली. मी उभी राहिले. "भाऊसाहेब, माझा अहवाल चुकलाय. मला आठ दिवस द्या." कुणीतरी हसलं. "पुण्याला जाऊन हेच शिकली का?" भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि कागद मला परत केला.

या वेळी मी थेंबही सांडू दिला नाही. प्रयोगशाळेतली ती सकाळ मला अजून स्वप्नासारखी दिसते. क जीवनसत्त्व मोजताना निळ्या रंगाचे थेंब सोडतात. जीवनसत्त्व असेल तोवर थेंबाचा निळा रंग विरून जातो. मी डब्यातल्या पाण्यात एक थेंब सोडला. तो विरला. दुसरा विरला. आणखी काही विरले. कापांतून निसटलेलं थोडं तिथे जाऊन बसलं होतं, काही क्षारही होते आणि मीठ तर होतंच. चमत्कार नव्हता. दूध, डाळ, पालेभाजी यांची जागा ते घेणार नव्हतं.

मावशीला सांगताना मी जरा फुगवून बोलले असेन. तिने मला अडवलं.

"लई हाय का?"

"लई नाही, मावशी."

"मंग लई लिवू नगंस. न्हाई असंबी लिवू नगंस. हाय तेवडं लिव."

तेवढंच लिहिलं. पाण्यासकट शिजवावे, वेगळे मीठ घालू नये, सोबत डाळ असावी, दुसरी भाजी मिळेल तेव्हा तीच द्यावी. भाऊसाहेबांनी ते दोनदा वाचलं. त्या पावसाळ्यात खोकी घाट चढून आली.

पुढे मला शिकवायची नोकरी लागली. जाणं कमी झालं. मावशी गेल्याचं मला महिन्याभराने कळलं. मी तिच्या घरी गेले तेव्हा धुकं उतरलं होतं. तिच्या सुनेने चहा ठेवला आणि म्हणाली, "शेवटाला जेवन सुटलं व्हतं त्यांचं. डाळीचं कळण तेवडं मागायच्या."

आता माझे विद्यार्थी डबाबंद भाज्या तपासतात. दर वर्षी कुणीतरी चाळणी थेट बेसिनवर धरतं. मी खाली एक भांडं सरकवते. सगळे गेल्यावर उरलेला एखादा डबा उचलते, डोळे मिटून कानाशी धरते आणि हलवते. आत पाणी हलतं. जित्तं असतं.