दोन डाव्या बाह्यांचा कोट

आमचा काका शिंपी. घरात त्याला सगळे 'वेळापत्रक' म्हणत, कारण शिंक आली तरी तो आधी घड्याळाकडे बघायचा. अडतिसाव्या वर्षी त्याने पुढची वीस वर्षं वहीच्या एका पानावर आखून टाकली. दुकान बंद, शनिवारी सकाळी सातची बस, मोठ्या शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यात मुख्य कटरची नोकरी. शनिवारी संध्याकाळपर्यंत हजर झाला नाही, तर जागा दुसऱ्याला. लग्नाचा रकाना त्या पानावर नव्हताच.

"भाऊजी, बाजूला जागा उरलीये की," आई म्हणाली.

"तो समास आहे, वहिनी."

शुक्रवारी एकच काम उरलं होतं, सोमवारी मुख्याध्यापिका होणाऱ्या एका बाईंचा राखाडी कोट. कापड बेताचंच, म्हणून काकाने कापड दुमडून दोन्ही बाह्या एकदम न कापता एकेक कापल्या. अशा वेळी दुसऱ्या बाहीला मापाचा कागद उलटा करून ठेवायचा असतो. पण काकाच्या डोक्यात बस. बाई आल्या तेव्हा टेबलावर दोन बाह्या होत्या, दोन्ही डाव्या.

"मास्टर, मी उजवा हात घरी ठेवून येऊ का?"

काकाचा चेहरा कोटाहून राखाडी झाला.

"अहो, एक बाही कापडाच्या उलट्या बाजूने लावा. आपोआप उजवी होईल," बाई म्हणाल्या.

"उलटी बाजू? माझ्या दुकानात? उद्या दहाला कापडबाजार उघडला की तेच कापड आणतो."

"आणि तुमची बस?"

"बस काय, रोजच असते." हे म्हणताना त्याने दोनदा घड्याळ बघितलं, असं बाई अजून सांगतात.

शनिवारी त्याने बाजार पालथा घातला. तो राखाडी रंग कुठेच मिळेना. दुपारी निमूटपणे परत येऊन त्याने बाही उलट्या बाजूनेच लावली. फुकटात झालं असतं ते काम नोकरी घालवून केलं.

"तुमच्याऐवजी अक्कल गेली वाटतं बसने," आई म्हणाली. काका दोन दिवस नीट जेवला नाही.

सोमवारी बाई कोट घालून शाळेत गेल्या. उलट्या बाजूमुळे उजवी बाही जरा फिकट, त्यामुळे फळ्यावर लिहिताना तिच्यावर खडूची भुकटी दिसेना. बाकीच्या शिक्षिकांनी ते बरोबर हेरलं. महिन्याभरात अकरा कोटांचं काम आलं, सगळ्यांना उजवी बाही फिकटच हवी! शिवण बघायला बाई दर गुरुवारी दुकानात यायच्या. कोट संपले, गुरुवार काही संपले नाहीत. वर्षभरात त्या आमच्या काकू झाल्या.

"ती बाही मी मुद्दामच तशी कापली होती," काका हल्ली पाहुण्यांना ऐकवतो.

"मुद्दाम चुकायला हुशारी लागते, मास्टर," काकू आतून म्हणते. "तुम्ही आपले मनापासून चुकलात."

मग काका घड्याळाकडे बघतो. शिंक आलेली नसते.