गरडीच्या दाराबाहेर काढलेली गाडी

अगं मालू, ये, जवळ बस. कागदावरून बोलतेय म्हणून उठून जाऊ नकोस. तुझ्यावर मला रागवायचंय. गेल्या आठवड्यात माझ्या स्वयंपाकघरात अवरेच्या शेंगा सोलता सोलता म्हणालीस, "वहिनी, डाव्या बाजूला बारीक गाठ लागते हाताला. दुखत नाही, सुम्ने आहे." आणि पुढची शेंग उचललीस. सुम्ने म्हणे! आपल्या म्हैसूरच्या बायकांना काही विचारा, उत्तर सुम्ने. उगीच, काही नाही.

तेव्हा तुझी सून समोर होती, म्हणून मी गप्प बसले. आता लिहिते. तुझ्यासारखी गाठ लपवून बसलेली आणखी कुणी असेल तर तिनंही वाचावं.

मला सांगितलं तो दिवस आधी ऐक. डॉक्टरीणबाई तरुण, माझ्या लेकीच्या, वीणाच्या वयाच्या. फाईल मिटली, खुर्ची जवळ ओढली आणि कन्नडात म्हणाल्या, "अम्मा, हा कॅन्सर आहे. पण लहान आहे, आणि तुम्ही वेळेत आलात." मला पहिलं वाक्य तेवढं ऐकू आलं. दुसरं वीणानं रिक्षात तीनदा सांगितलं. मी तिला विचारत होते, गॅस बंद केलास ना निघताना.

वेळेत आलात! मालू, मी आलेच नव्हते. मला आणलं. आणि गाठ मला सात महिने ठाऊक होती. तुम्हा सगळ्यांना सांगितलं की तपासणीत अचानक सापडली; ते खोटं. हे आज पहिल्यांदा लिहितेय. वीणा वाचेल तेव्हा ओरडेल, ओरडू दे.

दसऱ्यात मांडायच्या बाहुल्यांची ट्रंक माळ्यावरून काढताना कोपरा छातीला लागला होता. मी म्हटलं, त्याचीच गाठ. हळद गरम करून लावली. दुखत नव्हती, म्हणून निर्धास्त. न दुखणारी गाठच आधी दाखवायची असते, हे मला कोण सांगणार? मी विचारलंच नव्हतं कुणाला.

पुढं ती कंपनी आली. टीव्हीवर कुस्त्या दाखवतात ना, धूर सोडून, दिवे लावून, गाणी वाजवून, ती. त्यांचा खेळ गावात होता आणि आदल्या दिवशी लोकांसाठी मोफत तपासणी ठेवलेली. कुस्तीचं गाव म्हणून त्यांनी मोठ्या हौसेनं आमच्या गल्लीतली गरडीच निवडली. गरडी म्हणजे तालीम, तुझ्या दादांनी जिथं अंगाला तांबडी माती लावली ती. पुरुषांचा बीपी, शुगर अंगणात, आणि बायकांच्या तपासणीची मोठी गाडी, तीही आतच, मारुतीच्या देवळीशेजारी.

आता आमच्याकडं बाई गरडीचा उंबरा ओलांडत नाही. चाळीस वर्षं मी बदामाचं दूध दारापर्यंत नेलं आणि तांब्या आत सरकवून परत फिरले. कंपनीच्या लोकांना हे कुठून माहीत? सकाळपासून गाडी रिकामी. आम्ही पंधरा-वीस जणी दाराबाहेर उभ्या, गंमत बघत. खरं सांगू, मला बरंच वाटलं. रीत आडवी आली, आपण काय करणार, असं मनाशी म्हणायची सोय झाली.

त्यांच्यात एक पैलवान बाई होती. माझी नात तिला 'केस ओढणारी' म्हणते, कारण टीव्हीवर ती समोरचीचे केस धरून आपटते. खलनायिका. बेळगावकडची निघाली. बाहेर येऊन सगळ्यांशी बोलली, मग माझ्यासमोर थांबली.

"मावशी, हात काखेत का दाबून धरलायसा?"

मला कळलंच नव्हतं की मी हात दाबून धरलाय. म्हटलं, सुम्ने.

ती सरळ आत जाऊन नरसोजी वस्तादांपुढं उभी राहिली. ती उंबरा ओलांडून गेली याकडं वस्तादांनी काणाडोळा केला. हे वस्ताद म्हणजे तुझ्या दादांचे जोडीदार, कंपनीवर सकाळपासून तोंड टाकत होते की ही कुस्ती नव्हे, नाटक आहे. ती म्हणाली, बायका आत येत नसतील तर गाडी बाहेर जाईल. पण गाडी चालूच होईना. ड्रायव्हर किल्ली फिरवून दमला. तेव्हा वस्तादांनी जोर मारणाऱ्या पोरांना हाक घातली. लंगोटावर टॉवेल गुंडाळून सगळे मागं लागले, कंपनीचे ते टीव्हीवरचे राक्षसही लागले, आणि धक्का मारत मारत गाडी दाराबाहेर आणून समोरच्या शाळेच्या भिंतीला लावली. इतकं हसलो आम्ही.

हसता हसता माझी सोय गेली. उंबराच उरला नाही.

आत जे करतात त्याला मॅमोग्राम म्हणतात. छातीचा एक्स-रे. दोन पट्ट्यांमध्ये दाबतात, चपातीसारखं. मिनिटभर दुखतं, मग संपतं. तेवढा वेळ ती पैलवान बाई गाडीच्या पायरीवर पाठ करून बसली होती. कंपनीचा फोटोवाला आला, त्याला तिनं हातानंच परतवलं. म्हणाली, इथं नको, बाहेर काढ माझे हवे तेवढे.

चार दिवसांनी फोन आला, मोठ्या दवाखान्यात या. तिथं बायोप्सी, म्हणजे सुईनं गाठीचा कण काढून तपासणं. रिपोर्टला आठ दिवस. ते आठ दिवस सगळ्यांत वाईट गं. बाकावर शेजारी एच. डी. कोटे गावची एक बाई असायची, लिंबाएवढी गाठ घेऊन आलेली. मी विचारलं, इतके दिवस का थांबलीस? म्हणाली, नोवु इरलिल्ल अक्का, दुखत नव्हतं. माझे उपचार संपले तरी तिचे चालूच होते. तुझी गाठ ऐकली तेव्हा मला तिचाच चेहरा दिसला.

माझी लम्पेक्टॉमी झाली. गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढतात, अख्खी छाती नाही. तिसऱ्या दिवशी मी घरी. मग किमो, सलाईनमधून औषध, चार वेळा. तोंडाला चव नाही, सारसुद्धा लोखंडासारखं लागायचं. आणि केस गेले. माझे केस तुला माहीत आहेत, वेणी कमरेखाली. नातीसमोरसुद्धा डोक्यावरचा पदर काढत नव्हते मी.

शेवटच्या किमोला कंपनी पुन्हा गावात होती. लहान मुलांच्या वॉर्डात ते मुखवटे, फुगे घेऊन आले होते. तिथून ती 'केस ओढणारी' मला शोधत आली. माझ्याकडं बघितलं, स्टूल ओढलं, पदर माझ्या हातानंच बाजूला करवला आणि म्हणाली,

"मावशी, आता तुमच्याशी कुस्ती नको. धरायला काय ठेवलंयसा?"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला, इतकी मी हसले. घरी जाऊन नातीला तशीच, उघड्या डोक्यानं, हे सांगितलं. तिनं हात फिरवून बघितला आणि म्हणाली, आज्जी, मऊ आहे.

नंतर पाच आठवडे रेडिएशन, किरणांचा शेक. कातडी काळवंडली, आता निवळली. परवा तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्वच्छ आहे अम्मा. सहा महिन्यांनी या." बाहेर येऊन मी कॉफी प्यायले, आणि मालू, तिला कॉफीची चव होती.

वस्ताद भेटले होते. अजून म्हणतात, ती कुस्ती नव्हेच. पण गाडी चांगली होती, एवढं कबूल केलं.

प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, हे मला डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय. तुझीही नसेल. पण ते हाताला कळत नाही, दाखवावंच लागतं. तुझ्या दारात काही कुणी गाडी ढकलत आणणार नाही. म्हणून बुधवारी सरगूरहून सकाळची पहिली बस धर. वीणानं नाव नोंदवून ठेवलंय, मी दवाखान्याच्या दारात उभी असेन, बोटभर केसांची, लांबूनच दिसेन. सुनेला काही सांगावंसं नाही वाटलं तर नको सांगूस, वहिनीकडं शेंगा सोलायला चाललेय म्हण. अवरेची पिशवी मी आणून ठेवते. आधी तपासणी, मग सोलायला बसू. ये गं लवकर.