छान नको, चुका सांगा

महिपतराव तोरसकर समोरून येताना दिसले की आमच्या सोसायटीतली माणसं हातातली वस्तू नकळत पाठीमागे नेतात. माणूस वाईट नाही हो. पण डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यात, माल तपासायच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं काढलेली. समोर येईल त्यात खोट शोधायची, कागदावर शेरा मारायचा आणि माल परत पाठवायचा, याचाच त्यांना पगार मिळाला. पुढे ते निवृत्त झाले, सवय काही निवृत्त झाली नाही. बायकोच्या आमटीला त्यांनी तेहतीस वर्षांत एकदाही ‘छान’ म्हटलेलं नाही. ‘चालेल’ म्हणाले की रतनकाकू समजायच्या, आज आमटी फक्कड झालीय.

अशा या माणसाने गेल्या श्रावणात चक्क दिग्दर्शन केलं.

अख्खा सिनेमा नव्हे, सिनेमातला एक प्रसंग, तोही चार मिनिटांचा. आमच्या इथल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये सहा रविवारचं शिबिर होतं, ‘चला, प्रसंग चित्रित करूया’. शिकवणारा प्रीतम सव्वीस वर्षांचा, शिकणारे सगळे वीसच्या आतबाहेर, आणि त्यात पहिल्या रांगेत वही-पेन्सिल घेऊन एकसष्ट वर्षांचे महिपतराव. कोणी विचारलं तर म्हणायचे, “वेळ जात नाही, म्हणून आलेलो.”

ही शुद्ध थाप. वेळ त्यांचा मस्त जात होता. खरं कारण ठाण्यात राहत होतं.

त्यांची मुलगी संचिता तिथे एडिटर आहे, मालिकांचे तुकडे जोडते. अकरा वर्षांपूर्वी, कॉलेजात असताना, तिने सहा मिनिटांची एक फिल्म केली होती. पहिलीच. उड्या मारत घरी आली आणि बाबांना दाखवली. बाबांनी पेन्सिल घेतली, फिल्म पाहिली आणि तिच्या हातात कागद ठेवला. चौदा चुका, क्रमवार. त्यांच्या दृष्टीने ते लाडच होते. कंपनीत असा नीट कागद ते फक्त आवडत्या ज्युनियरला द्यायचे. पोरीने कागद वाचला, “बरं” म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर अकरा वर्षांत तिने आपलं काम म्हणून त्यांना काहीही दाखवलं नाही. फोन करायची, सणाला यायची, आईच्या गुडघ्याची चौकशी करायची. बाबांनी “काम कसं चाललंय?” विचारलं की “चाललंय”. पुढे गाडी नाही.

महिपतरावांना ते फार लागलं होतं. पोरीशी बोलायला आपल्याकडे शब्दच नाहीत, असं त्यांना वाटायचं. ती काय करते ते आपण स्वतः करून पाहिलं तर निदान विचारायला तोंड राहील, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. अर्थात हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. रतनकाकूंना ते न सांगताच कळलं होतं, तो भाग वेगळा.

प्रसंग त्यांनी स्वतः लिहिला. आई गवारीच्या शेंगा मोडत बसलीय. नाशिकला राहणाऱ्या मुलाचा फोन येतो, यंदा गणपतीला जमणार नाही. आई “बरं” म्हणते, फोन ठेवते, पुन्हा शेंगा मोडायला लागते. संपलं. आईच्या कामाला त्यांनी तळमजल्यावर पिठाची गिरणी चालवणाऱ्या भीमाबाईंना धरलं. उभ्या जन्मात कॅमेऱ्यासमोर न गेलेली बाई, आणि गिरणीच्या घरघरीत तीस वर्षं काढल्यामुळे बोलणं असं की फोनची गरजच नाही, नाशिकचा मुलगा तसाच ऐकेल.

शूटिंग महिपतरावांच्याच स्वयंपाकघरात झालं. मोबाइल तिपाईवर लावला होता. महिपतरावांनी अकरा टेक घेतले. दर टेकला ताज्या शेंगा हव्यात, कारण मोडलेल्या शेंगा पुन्हा अख्ख्या होत नाहीत, हे दिग्दर्शकाच्या आधी ध्यानातच आलं नव्हतं. रतनकाकू दोनदा भाजीवाल्याकडे पळाल्या. तीन किलो गवार मोडली गेली आणि पुढचे दोन दिवस अख्ख्या विंगने गवार खाल्ली.

चौथ्या टेकला तेवढा घोळ झाला. पलीकडच्या खोलीतून मुलाचं बोलणारा प्रीतम आपली वाक्यं संपवून गप्प झाला. भीमाबाईंनी आता फोन ठेवायचा होता. त्यांनी ठेवलाच नाही. कानाला तसाच धरून हळू आवाजात बोलत राहिल्या, “बरं, दसऱ्याला तरी बघ. गवार केलीय आज. तू नुसती खात नाहीस, म्हणून बटाटा टाकते थोडा. आणि ते हे… बरं. बरं.” महिपतराव “कट, कट” करत होते, पण बाई कुठल्या ऐकतात.

“भीमाबाई, अहो, फोन बंद झालाय कधीचा.”

“ठाऊक आहे की भाऊ,” भीमाबाई म्हणाल्या.

“मग बोलताय कोणाशी? कागदावर आहे तेवढंच करायचं.”

“चुकलं,” म्हणून त्या बिचाऱ्या पुढचे सातही टेक कागदाबरहुकूम करत गेल्या.

मग आली निवड. इथे महिपतरावांची चौतीस वर्षांची नोकरी उपयोगाला आली. लॅबमध्ये एकाच नमुन्याची पाच-सात रीडिंगं घेतात. त्यातलं जे एखादं भलतीकडेच जातं ते बाद करायचं आणि उरलेल्यांतलं मधलं धरायचं. महिपतरावांनी अकरा टेकचा तक्ता आखला. फोन किती सेकंद कानाला होता, शेंगा किती मोडल्या, मान किती वेळा हलली. दहा टेक एकमेकांना धरून होते. चौथा पार उधळलेला. त्याच्यावर त्यांनी लाल पेनाने काट मारली आणि बरोबर मधोमध आलेला सातवा टेक निवडला. दिग्दर्शन इतकं सोपं असतं, हे या सिनेमावाल्यांना कोणी सांगितलं कसं नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

प्रीतमने शेवटच्या रविवारी सांगितलं होतं, “आपलं काम लोकांना दाखवा, फीडबॅक घ्या. तोंडदेखला नको, खरा घ्या.” महिपतरावांनी लगेच छापील तक्ते काढून आणले. त्यात आवाज, उजेड, अभिनय असे रकाने, आणि तळाला मोठी मोकळी जागा ‘आढळलेले दोष’.

सोसायटीतल्या बावीस घरांत प्रसंग दाखवला गेला. या माणसाने प्रत्येकाच्या रांगोळीत, फराळात, पोराच्या हस्ताक्षरात खोट काढलेली. उट्टं काढायची अशी संधी पुन्हा येती ना. पण आपली डोंबिवली सभ्य. बावीसच्या बावीस तक्त्यांवर एकच शब्द आला, ‘छान’. चेअरमन गुणाजी मोहिते यांनी तेवढं दोषांच्या जागेत लिहिलं, ‘खिडकीतून बी विंगचा पोपडे निघालेला भाग दिसतो, सोसायटीची बदनामी होते.’ आणि प्रीतम? “काका, एक नंबर! या वयात! भारी वाटलं.”

महिपतराव चिडले. “या वयात म्हणजे काय? पोर पहिलं पाऊल टाकतं तेव्हा टाळ्या वाजवतात, तशा वाजवतायत माझ्यासाठी. एकाला धड चूक सापडू नये?”

रतनकाकू पोळ्या लाटत होत्या. “चुका सांगणारी एकच आहे. तिच्याकडे जायला भिताय, म्हणून बावीस घरं फिरलात.”

महिपतराव पुढच्या रविवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून, पेनड्राइव्ह आणि एक कोरा तक्ता घेऊन ठाण्याला गेले. जिना चढताना त्यांनी पेनड्राइव्ह खिशात आहे ना, ते तीनदा चाचपून पाहिलं. वार्षिक तपासणीला साहेब यायचे तेव्हा इतरांना काय होत असेल, ते त्यांना पहिल्यांदा कळलं.

संचिताने पाणी दिलं, चहा टाकला. त्यांनी पेनड्राइव्ह पुढे केला. “एक प्रसंग केलाय. बघ.”

“तुम्ही केलंय? बाबा, तुम्ही?”

“शिबिर होतं. वेळ जात नव्हता.”

तिने चार मिनिटं शांतपणे पाहिलं आणि लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाली, “छान आहे, बाबा.”

बावीस वेळा ऐकलेला शब्द. पण तेविसाव्यांदा तो ऐकून महिपतरावांचा चेहराच पडला. शेजारी दार लोटून घेतात तसं पोरीनेही लोटून घेतलं होतं, अगदी गोड बोलून. अकरा वर्षं ती हेच तर करत होती.

“छान नको,” ते म्हणाले. “चुका सांग.”

“किती सांगू? चौदा?”

म्हणजे आकडासुद्धा तिच्या लक्षात होता. महिपतरावांनी तक्त्याची घडी केली, उलगडली, परत केली.

“तुझी फिल्म मी बघितलीच नाही तेव्हा,” ते म्हणाले. “चुका शोधत बसलेलो. कशावर होती, विचारलंस तर आज मला सांगता येणार नाही. ते माझं चुकलं, संचिता.”

चहा उतू गेला. ती उठली, गॅस बंद केला आणि ओट्याशी पाठमोरी उभी राहिली. परत आली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा होता, कामाचा. “बाकीचे टेक आहेत का?”

आहेत का म्हणजे? महिपतराव आयुष्यात कुठला नमुना टाकणारे! अकराच्या अकरा टेक, क्रमांक घालून, तक्त्यासकट हजर. ती भराभर बघत गेली. चौथ्याला थांबली. भीमाबाई बंद फोनशी बोलत होत्या. ‘बटाटा टाकते थोडा’ आलं तेव्हा संचिताचा हात तोंडावर गेला.

“बाबा, हा का टाकला?”

“बाकीच्या दहांशी जुळत नव्हता. जे रीडिंग जुळत नाही ते बाद करायचं असतं.”

संचिता हसायला लागली. थांबेचना. डोळे पुसत म्हणाली, “अहो, आम्ही जन्मभर त्या न जुळणाऱ्याच्याच मागे असतो. मिळत नाही तो. तुम्हाला पहिल्याच कामात मिळाला, आणि तुम्ही त्याला लाल पेनाने काट मारलीत?”

“बाईंनी कागदावरचं केलं नाही…”

“त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. ही एक चूक. आता लिहून घ्या.”

मग तिने सांगायला सुरुवात केली. कॅमेरा फार उंच, आईचे हातच दिसत नाहीत. पहिली चाळीस सेकंदं नकोत. मुलाचा आवाज पलीकडच्या खोलीतून येतोय हे आंधळ्यालाही कळेल. महिपतराव मान खाली घालून लिहीत होते, आणि पोरगी जितकी झोडपत होती तितका माणूस खुलत होता. नऊ चुका झाल्या, दहाव्याला ती अडखळली. “आत्ता एवढंच पुरे. सगळं एकदम सांगितलं तर माणूस पुढचं करत नाही.”

हे ती सहज म्हणाली. त्यांना मात्र बरोबर जागी लागलं.

निघायच्या वेळी चपला घालता घालता महिपतराव म्हणाले, “तुझं काही असलं दाखवण्यासारखं, तर बघेन म्हणतो. नसलं तरी हरकत नाही.”

संचिता दारात उभी राहिली. मालिकांच्या कामातून वेळ काढून दोन वर्षं तिने आपली स्वतःची एक नऊ मिनिटांची फिल्म जुळवली होती. कोणालाच दाखवली नव्हती. तिने ती लावून दिली आणि म्हणाली, “मी आत आहे. मला समोर बसवत नाही.”

महिपतरावांनी चपला काढल्या. पेन्सिल खिशातच राहू दिली. आता खोटं कशाला सांगू, पहिल्या दोन मिनिटांत त्यांना तीन दोष दिसले. डोळ्यांना चौतीस वर्षांचं वळण, ते काय एका दुपारी जातंय? पण पुढे त्या फिल्ममधली म्हातारी रिकाम्या घराचं कुलूप उघडते आणि आत न जाता उंबऱ्यावरच बसते, तिथे मोजणं सुटलं.

आत संचिता धुतलेलीच भांडी पुन्हा धूत होती. फिल्मचा आवाज थांबला. बाहेरून काहीच ऐकू येईना. तिने नळ बंद केला. एक मिनिट गेलं, दोन गेली. शेवटी तिला राहवेना, ती दारात आली.

“काय चुकलं?”

“ती बाई उंबऱ्यावर बसली ना,” महिपतराव म्हणाले. चष्मा त्यांच्या हातात होता. “त्याच्या पुढचं मला नीट दिसलं नाही. पाणी आलं डोळ्यांत. परत लाव.”

संचिताने ओले हात ओढणीला पुसले, फिल्म पहिल्यापासून लावली आणि या वेळी आत गेली नाही, त्यांच्या शेजारी बसली.